भर लावणीच्या दिवसांत इटलीत पडलेला पळसगावचा नाईक : यशवंत घाडगे

गोंदिया : जुलैचा दुसरा आठवडा म्हणजे आपल्या जिल्ह्यात रोवणीची धांदल. परे उपटणीला आलेले, बांधीत चिखल झालेला, मजूर बाया मिळवण्यासाठी गावागावांत चढाओढ. तिकडे कोकणात, रायगड जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यातही याच दिवसांत हेच काम चालतं. फक्त परे म्हणायच्या ऐवजी ते आवण म्हणतात, रोवणीला लावणी म्हणतात आणि बांधीला खाचर. अशाच भर लावणीच्या दिवसांत, १० जुलै १९४४ रोजी, माणगाव तालुक्यातील पळसगावचा एक २२ वर्षांचा पोरगा हजारो मैल दूर इटलीतल्या एका डोंगरावर एकटा शत्रूच्या मशीनगनवर धावून गेला. ती चौकी त्याने घेतली आणि त्याच चौकीत त्याचा जीव गेला. नाईक यशवंत घाडगे हे त्यांचं नाव. त्या काळच्या फौजेतील शौर्याचा सर्वात मोठा किताब, व्हिक्टोरिया क्रॉस, त्यांना मरणोत्तर मिळाला.

गोंदिया, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, कुठल्याही रस्त्याने पहाटे निघा. भरतीची तयारी करणारी पोरं धावताना दिसतात. कुणाला सैन्यात जायचंय, कुणाला पोलिसात, कुणाला निमलष्करी दलात. त्यातल्या बहुतेकांना परमवीर चक्राची दोन-चार नावं पाठ असतात. घाडगेंचं नाव मात्र विदर्भात फारसं कुणाच्या तोंडी नाही. कोकणात आहे आणि बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात तर आहेच.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. तेव्हा रायगड जिल्हा हे नाव नव्हतं, कुलाबा जिल्हा होता. नाव बदललं ते १९८१ साली. पळसगाव नावाची गावं आपल्याकडेही आहेत, पळस आपल्या जंगलात कमी नाही. पण तो मुलूख वेगळा. एका बाजूला सह्याद्रीची भिंत, दुसरीकडे उतरत समुद्राकडे जाणारी जमीन, आणि पाऊस आपल्या दुपटीहून जास्त. एवढं पाणी पडतं तरी ते थांबत नाही, वाहून जातं. मालगुजारी तलावांसारखी साठवणूक तिकडे नव्हती. त्यामुळे खरिपाचं एक भातपीक निघालं की खाचरं रिकामी. डोंगरउतारावर नाचणी, वरी थोडीफार. त्यातही खोतीची पद्धत. आपल्याकडे मालगुजार तसा तिकडे खोत. जमीन कसणाऱ्याच्या कणगीत जायच्या आधी धानाचा मोठा वाटा खोताच्या घरी जायचा. खोती कायद्याने संपली ती स्वातंत्र्यानंतर.

अशा मुलखात घरातल्या एखाद्या पोराने बाहेर पडून रोख पैसा आणल्याशिवाय भागत नसे. पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यातील माणसं यासाठी चिखला-डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींत गेली, कुणी बालाघाटकडे भरवेलीच्या खाणीत गेलं, कुणी रेल्वेत, कुणी घरीच बिड्या वळू लागलं. कुलाबा-रत्नागिरीच्या माणसाला दोन वाटा होत्या. एक मुंबईच्या गिरणीची आणि दुसरी पलटणीची. माणगावच्या शेजारच्या महाड तालुक्यात तर एका गावाचं नावच फौजी आंबवडे आहे. घरटी माणूस फौजेत, अशी त्या गावाची ओळख. त्या पट्ट्यात वर्दी ही नवलाई नव्हती. महिन्याची मनिऑर्डर येणारं घर आणि न येणारं घर यातला फरक गावात सगळ्यांना दिसायचा.

इथे एक गोष्ट सांगून ठेवण्यासारखी आहे. त्या काळच्या इंग्रजी फौजेची लोखंडी टोपी, म्हणजे हेल्मेट, मँगनीज मिसळलेल्या पोलादाची असायची. मँगनीजमुळे पोलाद फुटत नाही, मार सोसतं. आणि भंडारा-बालाघाट-नागपूरचा पट्टा त्या काळी मँगनीजसाठी जगभर माहीत होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथलं खनिज रेल्वेने बंदरावर आणि तिथून बोटीने परदेशी जात होतं. म्हणजे खाणीतला मजूर आणि खंदकातला शिपाई एकाच युद्धाच्या दोन टोकांना होते. दोघांनाही ते युद्ध कुणी विचारून सुरू केलं नव्हतं.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा यशवंत घाडगे १७ वर्षांचे होते. ते ज्या पलटणीत गेले ती पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. या रेजिमेंटचं मूळ १७६८ सालचं, मुंबईत इंग्रजांनी उभ्या केलेल्या शिपायांच्या पलटणीचं. केंद्र बेळगावला. आजही ते तिथेच आहे आणि शिवाजी महाराजांच्या जयजयकाराची युद्धघोषणाही तीच आहे. डोंगरात चपळ, कमी खाण्यावर तग धरणारा, पाठीवर ओझं घेऊन चढण चढणारा शिपाई अशी या पलटणीची ख्याती. कोकण आणि घाटमाथ्याच्या पोरांना ते वेगळं शिकवायची गरज नव्हती. जन्मल्यापासून चढ-उतारच बघितलेला.

घाडगे तिसऱ्या बटालियनमध्ये होते. २२ व्या वर्षी ते नाईक होते, म्हणजे बाहीवर दोन फिती. नाईक हा सेक्शनचा कमांडर असतो. त्याच्या हाताखाली आठ-दहा जवान. फौजेच्या मोठ्या नकाशावर हा अगदी लहान तुकडा. पण गोळीबारात जवानाला मेजर-कर्नल दिसत नाही, त्याला आपला नाईक दिसतो. तो उठला की सगळे उठतात, तो झोपला की सगळे जमिनीला चिकटतात. बाविसाव्या वर्षी आठ-दहा घरांची पोरं आपल्या शब्दावर, ही जबाबदारी काय असते ते ज्याने निभावली त्यालाच कळेल.

तो काळ आपल्या देशात कसा होता तेही लक्षात घ्यावं लागेल. १९४२ च्या ऑगस्टमध्ये छोडो भारतचा उठाव झाला, गावोगावची माणसं तुरुंगात गेली. विदर्भात चिमूर आणि आष्टी पेटले. १९४३ ला बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली. गांधीजी मे १९४४ पर्यंत आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. नेताजींची आझाद हिंद सेना त्याच वर्षी इम्फाळच्या दारात लढत होती. आणि त्याच वेळी २० लाखांहून जास्त भारतीय जवान इंग्रजांच्या फौजेत होते. युद्ध संपेपर्यंत हा आकडा २५ लाखांवर गेला. सक्तीची भरती भारतात नव्हती. सगळे स्वखुशीने गेलेले, असं इंग्रज अभिमानाने सांगत. पोटाची गरज आणि स्वखुशी यात अंतर किती, हे खोताला वाटा देऊन उरलेलं धान मोजणाऱ्या घराला विचारायला पाहिजे होतं. तरी एक मात्र आहे. समोर हिटलरची फौज होती, आणि तिला हरवणं गरजेचं होतं हे आज कुणी नाकारत नाही.

तिसऱ्या मराठा बटालियनचा या युद्धातला पहिला मोठा इतिहास आफ्रिकेत घडला. एरिट्रिया देशात केरेन नावाचं डोंगरांनी वेढलेलं गाव आहे. मार्च १९४१ मध्ये तिथे इटालियन फौज उंचावर बसली होती आणि खालून चढाई करायची होती. पिनॅकल नावाचं टोक या मराठ्यांनी रात्रीच्या चढाईत घेतलं. तेव्हा बटालियनचे प्रमुख होते डेनिस रीड नावाचे इंग्रज अधिकारी. पुढे हे रीड आफ्रिकेच्या वाळवंटात शत्रूच्या हाती सापडले, इटलीत कैदी झाले, तिथून निसटले आणि १९४४ मध्ये दहाव्या भारतीय डिव्हिजनचे प्रमुख म्हणून परत इटलीतच लढायला आले. तिसरी मराठा बटालियन याच डिव्हिजनमध्ये होती. म्हणजे जुना कमांडर आणि जुनी पलटण पुन्हा एकत्र.

इटलीत भारताच्या तीन डिव्हिजन लढल्या, चौथी, आठवी आणि दहावी. एकूण ५० हजारांवर भारतीय जवान. आपल्याला शाळेत दुसरं महायुद्ध शिकवतात त्यात हिटलर येतो, हिरोशिमा येतं, पण भारताची पोरं इटलीच्या डोंगरात दोन हिवाळे लढली हे येत नाही. मे १९४४ मध्ये कॅसिनोचा मोर्चा फुटला. ४ जूनला रोम पडलं. त्यानंतर दोनच दिवसांनी, ६ जूनला, फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर दोस्त फौजा उतरल्या आणि सगळ्या जगाची नजर तिकडे वळली. वर्तमानपत्रांत इटली मागच्या पानावर गेली. लढाई मात्र संपली नव्हती.

रोमनंतर जर्मन फौज पळत नव्हती, शिस्तीत मागे सरकत होती. उत्तरेला त्यांची गॉथिक लाइन नावाची तटबंदी तयार होत होती. ती पुरी होईपर्यंत वेळ काढायचा म्हणून प्रत्येक टेकडीवर, प्रत्येक वळणावर थोडी माणसं आणि मशीनगन ठेवायची, समोरच्याला दोन दिवस अडवायचं, पुष्कळ माणसं मारायची आणि रात्रीतून पुढच्या टेकडीवर सरकायचं. हा त्यांचा डाव. बचाव करणाऱ्याला त्यात माणसं कमी लागतात. चढाई करणाऱ्याची जास्त जातात.

टायबर ही रोमच्या मधून वाहणारी नदी. तिचं वरचं खोरं पेरुजा शहराच्या उत्तरेला आहे. दोन्ही बाजूंना डोंगर, उतारावर जैतुनाची झाडं, द्राक्षाचे वेल, खाली सपाटीवर गहू आणि तंबाखू. दगडी भिंतींची शेतकऱ्यांची घरं टेकडीच्या टोकाला. जुलैमध्ये तिकडे पाऊस नसतो, कडक ऊन असतं, गव्हाची कापणी झालेली असते. आपल्या जवानांच्या गावी या दिवसांत गुडघाभर चिखल आणि इथे पायाखाली धूळ. याच खोऱ्यात उंबेर्टिदे, माँतोने, चित्ता दी कास्तेल्लो अशी गावं एकामागे एक घेत दहावी डिव्हिजन वर सरकत होती. नदीकाठच्या रस्त्याने जायची सोय नव्हती, कारण दोन्हीकडच्या डोंगरांवरून तो रस्ता शत्रूच्या नजरेखाली होता. त्यामुळे आधी डोंगर घ्यायचे, मग खोरं. पाणी, दारूगोळा, रेशन खेचरांवर लादून वर न्यायचं. जिथे खेचर थांबतं तिथून पुढे माणसाच्या पाठीवर.

१० जुलैला मराठ्यांच्या एका कंपनीने अशाच एका मजबूत ठाण्यावर हल्ला केला. नाईक यशवंत घाडगे यांचं रायफल सेक्शन त्यात होतं. चढून जाताना अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. त्या काळच्या जर्मन मशीनगनचा वेग मिनिटाला हजारावर गोळ्यांचा होता. लांबून ती सुरू झाली तर माणसाला निदान जमिनीवर पडायला क्षण मिळतो. जवळून तोही मिळत नाही. काही क्षणांत सेक्शनमधले सगळे एकतर मेले किंवा जखमी होऊन पडले. उभा राहिला तो फक्त सेक्शन कमांडर.

अशा वेळी कमांडरने आडोसा धरून थांबलं असतं, मागून मदत येण्याची वाट बघितली असती, तर त्याला कुणी नावं ठेवली नसती. सेक्शनच उरलं नव्हतं, हुकूम द्यायचा कुणाला? पण एक हिशोब साधा आहे. जखमी पडलेली पोरं उघड्यावर होती आणि बंदूक चालूच होती. जोवर ती चालणार तोवर त्यांच्यातला कुणीही वाचणार नव्हता. मागून येणाऱ्या कंपनीचंही तेच झालं असतं. घाडगे मागे वळले नाहीत की थांबले नाहीत. सरळ मशीनगनच्या दिशेने धावले.

आधी त्यांनी हातबॉम्ब फेकला. तो पाऊण किलोच्या आसपास वजनाचा असतो, पिन काढल्यावर चार सेकंदांत फुटतो. धावत्या माणसाने, समोरून गोळ्या येत असताना, तो नेमका ठिकाणावर टाकणं हे सरावाचं काम आहे. तो बरोबर पडला. मशीनगन बंद झाली आणि ती चालवणारा मेला. पण चौकीत आणखी तिघे होते. घाडगेंच्या हातात टॉमी गन होती. सेक्शन कमांडरला ही बंदूक मिळे. वजन पाच किलोच्या घरात, गोळ्या भराभर सुटतात पण मॅगझिन लवकर रिकामं होतं. चौकीवर पोहोचताच त्यांनी आणखी एकाला गोळी घातली. आणि मॅगझिन संपलं.

रिकामं मॅगझिन काढून दुसरं लावायला सराव असलेल्या जवानाला काही सेकंद लागतात. समोर दोन माणसं हातभर अंतरावर. तेवढे सेकंद नव्हते. घाडगेंनी बंदूक उलटी केली, नळी दोन्ही हातांनी धरली आणि दस्त्याने दोघांवर घाव घातले. गोळ्या झाडून तापलेली नळी हाताला काय लागते ते कुणालाही समजेल. दोघेही तिथेच संपले. चौकी ताब्यात आली. चार माणसांची मशीनगन चौकी एका नाईकाने घेतली होती.

हे वाचताना सिनेमा आठवतो, पण सिनेमात यानंतर हिरो परत येतो. आसपासच्या आडोशांत जर्मन स्नायपर म्हणजे नेम धरून बसलेले बंदूकधारी होते. त्यांनी घाडगेंना टिपलं. गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. जी चौकी त्यांनी घेतली तिच्यातच ते पडले. त्या दिवशी त्यांना २३ वं वर्ष पूर्ण व्हायला चार महिने बाकी होते.

लढाई पुढे चालूच राहिली. चित्ता दी कास्तेल्लो जुलैच्या उत्तरार्धात हाती आलं. मग पुढचे डोंगर, मग गॉथिक लाइन, मग इटलीतला दुसरा हिवाळा. मशीनगनची एक चौकी पडली म्हणून युद्ध संपत नसतं. ज्या कंपनीच्या वाटेतली ती चौकी होती त्या कंपनीपुरतं मात्र त्या दिवशी सगळं तिच्यावरच अवलंबून होतं.

लढाईत पडलेल्या जवानाची खबर त्या काळी तारेने किंवा कागदाने घरी यायची. भर पावसात, नदी-ओढे भरलेले असताना, डाकवाला वाडीपर्यंत पोहोचायचा. कागद वाचायला मास्तर किंवा पाटील शोधावा लागायचा. डाकवाल्याची चाहूल लागली की मनिऑर्डर आली असं वाटून दार उघडणाऱ्या किती घरांना त्या वर्षांत दुसराच कागद मिळाला असेल. भारताचे इटलीत ५,७८२ जवान मेले. जखमी आणि बेपत्ता धरून हा आकडा २३,७२२ होतो. आकडा मोठा वाटतो, पण प्रत्येक आकड्यामागे असं एक दार होतं.

२ नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटमध्ये यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. शत्रूसमोर दाखवलेल्या असामान्य शौर्यासाठीचं हे पदक. १९११ पर्यंत हिंदी शिपायाला ते मिळतच नसे, नियमच तसा होता. इटलीच्या मोहिमेत असे एकूण २० क्रॉस दिले गेले. त्यातले सहा भारतीय जवानांना. मरणोत्तर क्रॉस घाडगेंच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या हाती आला. नवरा बाविसाव्या वर्षी गेला, तर मागे राहिलेल्या बाईचं वय किती असेल याचा अंदाज कुणीही करावा. पराक्रमाची गोष्ट सांगताना आपण दहा मिनिटांची लढाई सांगतो आणि थांबतो. वीरपत्नीला त्यानंतरची पुरी हयात काढायची असते. लावणी दर पावसाळ्यात येतेच.

घाडगेंची कबर नाही, समाधीही नाही. इटलीत दहन झालेल्या पाचशेहून अधिक भारतीय जवानांची नावं सांग्रो नदीजवळच्या स्मारकावर आहेत. ज्यांची शेवटची जागाच ठाऊक नाही अशांची नावं कॅसिनोच्या स्मारकावर कोरली आहेत. तिथे चार हजारांवर नावं आहेत, इंग्रज, कॅनेडियन, न्यूझीलंडचे, आणि आपले. घाडगेंचं नाव त्यात आहे. ज्या डोंगरावर ते पडले तो तिथून शेकडो किलोमीटर उत्तरेला. म्हणजे देह एका मुलखात, नाव दुसऱ्या मुलखात आणि घर तिसऱ्याच देशात.

त्यांच्यानंतर नऊ महिन्यांनी, ९ एप्रिल १९४५ ला, याच रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे नामदेव जाधव यांनी इटलीतच सेनिओ नदीवर असाच पराक्रम केला. ते अहमदनगर जिल्ह्यातले. जखमी साथीदारांना गोळीबारातून उचलून आणलं आणि मग परत जाऊन मशीनगनच्या चौक्या गार केल्या. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. फरक एवढाच, की जाधव परत आले आणि चाळीसएक वर्षं जगले. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीला मिळालेले हे दोन क्रॉस. एक जिवंत घरी आला, एक नाही आला.

स्वातंत्र्य आल्यावर या माणसांचं काय करायचं हे देशाला नीट उमगलं नाही, असं म्हणावं लागेल. पदकाला इंग्रजांच्या राणीचं नाव. ज्या राजाच्या फौजेत लढले तोच राजा आपल्याला गुलाम ठेवणारा. मिरवणूक काढायची तर स्वातंत्र्यसैनिकाची काढायची, याची का काढायची? हा प्रश्न अगदीच खोटा नव्हता. १९४२ मध्ये लाठ्या खाल्लेल्या माणसाला तो पडणं साहजिक होतं. पण त्यापायी हजारो कुणब्या-मराठ्यांची, महारांची, धनगर-माळ्यांची पोरं, ज्यांनी कुठल्याही राजासाठी नाही तर शेजारच्या जवानासाठी जीव दिला, ती शाळेच्या पुस्तकातून गळाली. घाडगे धावले तेव्हा त्यांच्या मागे राणी नव्हती. जखमी पडलेलं त्यांचं सेक्शन होतं. हा फरक करायला आपल्याला फार वेळ लागला.

पलटण मात्र विसरली नाही. १९४७ पासून देशाची झालेली मराठा लाइट इन्फंट्री आपल्या इतिहासात घाडगेंचं नाव मानाने घेते. माणगावकरही विसरले नाहीत. माणगावला तहसील कार्यालयाच्या बाहेर नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा उभा आहे आणि तिथे त्यांना मानवंदना दिली जाते. मुंबई-गोवा महामार्गाने जाणाऱ्या आपल्याकडच्या कुणी माणगावला चहासाठी गाडी थांबवली, तर पाच मिनिटं काढून बघून यावं असं ते ठिकाण आहे.

आणि इटलीही विसरली नाही. टायबरच्या वरच्या खोऱ्यातलं माँतोने हे डोंगरावरचं छोटं गाव आहे, आपल्याकडच्या एखाद्या ग्रामपंचायतीएवढं. या गावाने आणि तिथल्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून जुलै २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांचं स्मारक उभारलं. भारताच्या इटलीतील राजदूत उद्घाटनाला हजर होत्या. मराठी बोलणारं गावात कुणी नाही, घाडगे आडनावाचं कुणी नाही. तरी त्यांनी ते केलं, कारण आपलं खोरं जर्मनांच्या हातून सुटलं तेव्हा त्यात या लोकांचा जीव गेला हे त्यांच्या म्हाताऱ्यांनी बघितलं होतं.

स्मारक म्हणजे पुतळा नाही, सूर्यघड्याळ आहे. उन्हाची सावली सरकते तशी वेळ दाखवणारं. त्यावर लॅटिन भाषेत एक ओळ आहे. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, असा तिचा अर्थ. शेजारी भारतीय जवानांच्या आठवणीची पाटी आहे. १० जुलैला तिकडे आकाश बहुधा मोकळं असतं आणि घड्याळ चालतं. पळसगावात त्या दिवशी सूर्य दिसण्याची शक्यता कमी. लावणीचे दिवस असतात.